पाचशे पासष्टाव्या सेंटिमीटरला

न्हावा-शेव्याच्या कस्टम्स खिडकीत
एझिकेल साहेबांनी चष्मा कपाळावर सारला :
मालाची किंमत काय लिहू?
चिखल आहे, मी म्हणाले.
बिनकिमतीचा माल सोडता येत नाही, ते म्हणाले.
मग आम्ही दोघांनी मिळून ठरवले
शंभर रुपये,
साडेसहा मीटर गाळाचे,
दक्षिण समुद्राच्या तळातून नळीनं उपसलेल्या,
अंदाजे दीड लाख वर्षांचे.

महाप्याला पोचतो तर ट्रान्सफॉर्मर जळालेला.
चार अंशांच्या वर गेला की हा गाळ
नासायला लागतो, दुधासारखाच.
रात्री अकराला तुर्भ्याच्या शीतगृहात
वेलजीभाईंनी किन्नौरच्या सफरचंदांच्या पेट्या सरकवून
जागा करून दिली.
वास येईल का?
थोडा.
कसला?
ओहोटीला वाशीच्या पुलावर येतो, तसला.
तीन दिवसांचं भाडं. पावतीवर त्यांच्याच अक्षरात :
माल गाळ, खाण्याचा नाही.

सोमवारी तारेनं उभा चिरला,
खरवसाची वडी पाडावी तसा.
एक अर्ध कामाचं.
दुसरं गुंडाळून ठेवायचं,
अजून जन्माला न आलेल्या कुणासाठी,
ज्याला आमच्यापेक्षा बरे प्रश्न पडतील.

वर शेवाळी हिरवा थर,
काचेच्या कवचांचं पीठ नुसतं.
म्हणजे उघडं पाणी, ऊन, खाणारे आणि खाल्ले जाणारे.
खाली राखाडी.
भिंगाखाली तासभर ब्रश फिरवला, तीन केसांचा,
कवच नाही, काटा नाही, काही नाही.
काही नाही, हेच वाचायचं असतं :
तेव्हा डोक्यावर बर्फाचं छप्पर होतं.
अशी छपरं येतात, जातात.
एका सेंटिमीटरात सव्वादोनशे वर्षं,
मी एकदा शिंकले तर एखादं साम्राज्य उडेल.

पाचशे पासष्टला सुरी खणकन वाजली.

खडा.
बोराएवढा, एका अंगानं घासलेला.
किनाऱ्यापासून शेकडो मैल आत
दगड एकटा चालत येत नाही.
हिमनग पोटात घेऊन निघतो,
ऊब लागते, पोट सुटतं,
खडा खाली, तीन किलोमीटर अंधारात,
मऊ गाळात.
कुणी ऐकलं नाही.
वरच्या आठ-दहा सेंटिमीटरांत बर्फ मागे हटलेलं,
आणि जगभरचा समुद्र
आजच्याहून सहा-सात मीटर वर.

आता कबुली.
रजिस्टरला न नोंदवता मी तो खडा
एका संध्याकाळपुरता खिशात घालून
दिवाळ्याला नेला, चांगुणा आत्याकडे.
ती गुडघाभर चिखलात शिवल्या काढत होती.
लहानपणी तिनंच शिकवलेलं,
भोकं दिसत नाहीत तिथं पाय टाकू नको.
जिवंत चिखल श्वास घेतो,
मेलेला माणसाला गिळतो.
पुढं विद्यापीठानं हेच शिकवायला चार वर्षं घेतली.

तळव्यावर खडा फिरवत म्हणाली,
यो आपले खाडीचा नाय.
नाही.
कोनी आनला?
बर्फानं.
मंग बरफ कुठं गेला?

मी बोट केलं.
नेरूळच्या दिव्यांखालून भरती आत येत होती,
घाई नसलेली.
धक्क्याची खालची पायरी गेली.
आत्यानं टोपली एक पायरी वर ठेवली,
मग विचार करून अजून एक.

आणि माझ्या हातात परत देण्याआधी
तिनं तो खडा खाडीच्या पाण्यात खळबळून धुतला,
घाण राहू नये म्हणून.

मी ओरडले नाही.
इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा समुद्र लागला,
हा काही प्रयोगशाळेत सांगण्याजोगा मुद्दा नव्हे.
मंगळवारी नोंद केली :
खोली पाचशे पासष्ट. खडा, एक. वजन अमुक.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून
शेवटी लिहिलं :
ओला.