खबर देणार

खानापूरच्या कचेरीत, आवाज करणाऱ्या पंख्याखाली,
इराण्णा हुक्केरी अर्ज माझ्याकडे सरकवतो,
एका रकान्यावर पेन टेकवून.
तारीख बरीरी.
मूळ वतनदार मयत झाल्याची तारीख लिहा.

तारीख कुणाला ठाऊक?
बाप म्हणायचा, मानमोडीच्या साली गेला.
थोरली आत्या म्हणायची, भात कापायला आलं होतं.
रवळू तराळाचं घरात एवढंच उरलंय:
भात, आणि मानमोडी.
इराण्णा म्हणतो, मानमोडी कंप्युटर घेत नाही.

म्हणून आधी शिरगणती.
जाड पुस्तक, पाठीवर वाळवीची नक्षी.
करंबळवाडी, एकोणीसशे अकरा: चारशे बारा.
एकवीस: तीनशे सत्तेचाळीस.
नावं नाहीत. शिरगणतीला डोकी लागतात, तोंडं नाही.
पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी केली. पासष्ट.
त्यात पणजा कुठंतरी असणार
हातच्या एकासारखा.
पण मधल्या दहा वर्षांत पोरं जन्मली,
कुणी गिरणीत गेले, कुणी लेकी दिल्या घाटाखाली.
म्हणजे पासष्ट हेही खरं नाही.

मग जनन-मरणाचं दप्तर.
लाल फडक्यात बांधलेलं, वर मुंबई इलाखा.
मधे राज्य बदललं, दारावरची पाटी बदलली,
फडकं कुणी बदललं नाही.
आत सगळी मोडी.
इराण्णाला येत नाही, मला येत नाही.
या कचेरीत ही एकच लिपी
जिच्यावरून आमचं भांडण नाही.

नंदगडहून नेसरीकर मास्तर आले, वय एक्क्याऐंशी,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
भिंग पानावरून मुंगीच्या चालीनं फिरवत वाचू लागले:
सटवी, वय तीन, ताप.
नागोजीची बायको, वय बावीस, ताप.
भरमा, ताप. भरमाचा भाऊ, ताप.
दुसऱ्या पानावर मास्तर ताप म्हणायचं थांबले,
नुसता हात हलवायला लागले.

रवळू नाही.
उलटं वाचलं, सुलटं वाचलं. मयतांत रवळू नाही.
इराण्णानं चहा मागवला.
आणि चहासाठी मास्तरांनी हात उचलला तेव्हा
भिंग घसरून थांबलं उजव्या काठावर,
जो रकाना कुणी वाचत नाही त्यावर.
खबर देणार: रवळू तराळ.
खाली, सदर.
खाली, सदर. सदर. सदर.

पानभर माझा पणजा.
एकोणीस मेलेल्यांच्या शेजारी उभा,
चावडीच्या पायरीखाली, काठी बगलेत धरून:
अमका गेला, धनी.
आतला लिहीत गेला.
पायरी चढायची त्याला मुभा नव्हती.
नाव तेवढं चढलं.

चार नोव्हेंबर. यमुना, वय चाळीस. खबर देणार, सदर.
नऊ नोव्हेंबर. कल्लू, वय अकरा. खबर देणार, सोमा तराळ.

सोमा म्हणजे माझा आजा. तेव्हा तेराचा असेल.

मधे रेघ नाही. बोटभर जागा नाही.
ओळीला ओळ लागून.
चार दिवस करंबळवाडीत कुणी मेलं नाही,
किंवा सांगायला कुणी गेलं नाही.
मग पोरानं काठी उचलली
आणि साऱ्या गावाच्या खबरा पोचवल्या, बापाची सोडून.
बापाचंही सांगायचं असतं
हे त्याला कुणी सांगितलं नसेल.

मास्तर चष्मा पुसत राहिले.
इराण्णा कन्नडमधे हळू काही बोलला. निम्मं कळलं:
सात लिहू या. मधला दिवस. कोण विचारतंय?

मी अर्ज उलटला.
तळाशी बारीक अक्षरात एक रकाना होता,
माहिती देणाऱ्याचं नाव, नातं.
तारखेची जागा तशीच ठेवून आधी तो भरला.
दशरथ. पणतू.
पेन मधेच सुकलं,
'तू' दोनदा गिरवावा लागला.