पोत

फळ्यावर लिहिलं : पोत.
अंबऋषी लगेच उठून उभा.
"आमच्या घरी हाय की बाई.
आजा पेटवतो, तेल पाजतो त्याला,
अंगाला लावला तरी भाजत नाही."
श्रावस्ती म्हणाली, "येडाच हाय हा.
पोत मायच्या गळ्यात असते. काळ्या मण्यांची."
त्याचा तो, तिची ती,
दोघांचंही बरोबर.
माझा मात्र तिसराच होता
आणि तो सांगायला गेले तर
पुस्तिकेतली दीड ओळ हाती आली.
वाचली. दुसरीचा वर्ग जांभया द्यायला लागला.

मग म्हटलं, डोळे मिटा.
दप्तराला हात लावा. आता भिंतीला.
आता शेजारच्याच्या डोक्याला.
"बाई, ह्याचं डोकं ब्रशावानी लागतंय!"
रविवारीच कटिंग केलेलं डोकं
साऱ्या वर्गानं चाचपून घेतलं.
हाच तो, म्हटलं. उघडा डोळे.

नळदुर्गात किल्ला शाळेपासून चार ढांगांवर.
कागद आणि मेणाचे खडू घेऊन गेलो.
कागद ठेवायचा, वरून खडू आडवा घासायचा,
खाली काय आहे ते आपोआप वर येतं.
तांदळाच्या पोत्याची वीण आली,
कडब्याच्या पेंडीची पाती आली,
दाराचा खिळा आला, त्यावरचा गंजसुद्धा.
एकानं चप्पल उलटी केली
आणि तळव्याची झीज घेतली.

दुसरा धडा, चेहरा.
चेहरा काढा म्हटलं की ही मुलं
एक अंडं काढतात, दोन टिकल्या, एक केळं.
बत्तीस कागदांवर बत्तीस सख्खी भावंडं.
म्हटलं, आधी काढू नका,
माणूस कशाकशाचा आहे ते हुडका.
"कुणाचा काढायचा?"
"तुमचा, बाई!"
आपणच खणलेला खड्डा.

पाच वर्षांची होते तेव्हा देवी आल्या.
गेल्या, पण सगळ्या गालांवर
पावलं उमटवून गेल्या.
पुढं सोलापूरच्या स्टुडिओत
फोटोवाल्यानं बारीक पेन्सिलीनं
निगेटिव्हवरच एकेक खड्डा बुजवला.
त्याचे वेगळे पाच रुपये.
तो गुळगुळीत फोटो तीन घरं फिरला.
तिसऱ्या घरानं पसंत केला.
फोटो. मला नंतर, सवयीनं.

मुलं गोलात बसून माझ्याकडं बघत होती,
चोरून, सभ्यपणानं,
कपाळ आणि नाक एवढंच.
केसांना कुणी कडबा घेतला,
साडीला पोतं.
गालाची जागा सगळ्यांनीच कोरी सोडलेली.

शिफा गोलात नव्हती.
बुरुजाला चिकटून उभी, पायाच्या चवड्यांवर,
काळ्या दगडावर कागद दाबून
घासत होती जीव खाऊन.
पळत आली. ओरडतच आली.
"बाई, तुमचा गाल सापडला!"

बोरीच्या पात्रातली टिटवी तेवढी बोलली.
अंबऋषी दातावर दात ठेवून म्हणाला, "गप ए."
तिला कळेना काय चुकलं.
कागद तिनं माझ्यासमोर धरला.
जाळीदार, ठिपक्याठिपक्यांचा,
पांढरी राहिलेली बारकी बारकी छिद्रं.
"खोटं नाही बाई. लावून बघू का?"

निवृत्तीला अकरा महिने राहिलेत.
इतक्या वर्षांत इथं हात लावायला
परवानगी कुणी मागितली नव्हती.
वाकले.

एका हाताचं बोट कागदावर,
दुसऱ्या हाताचं माझ्या गालावर,
डोळे मिटून, मी शिकवलं होतं तसं,
शिफा किती तरी वेळ बघत राहिली.
मग मान हलवली.
"नाही जमलं. तुमचा बारीक हाय.
दुसरा दगड बघते."
आणि गेली पुन्हा तटाकडं,
एकेक दगड चाचपत, नापास करत.

खिचडीची घंटा झाली.
गयाबाई वाढता वाढता थांबल्या,
"बाई, गालाला काळं लागलंय ओ."
हो म्हटलं. आणि
ताट पुढं केलं.