पन्नास शिलिंग

किबुयेच्या बाजारात, बूट शिवणाऱ्याला लागून
अवुओरचं टेबल. वर बँकेची छत्री, फुकटातली.

लोक म्हणतात, बॅटरी गेली.
ती काही म्हणत नाही. टाचणी घेते,
फोनचं तोंड उजेडाकडे वळवते
आणि चार्जिंगच्या भोकातून उकरून काढते
मक्याचं पीठ,
शवपेट्या करणाऱ्या ओदुंदोचा भुसा,
एकदा तर माशाचा खवला, अख्खा, अजून चमकणारा.
'सरोवरच भरून आणलंस की रे!'
पन्नास शिलिंग.

तिचा स्वतःचा फोन मांडीवर, स्पीकर चालू.
परवा कंपनीने दोनशे कापले,
रोज एक विनोद पाठवण्याच्या सेवेपोटी.
तिने मागितली नव्हती. विनोदही आले नव्हते.
किस्वाहिलीसाठी दोन दाबा.
दाबले. बासरी.
तुम्ही रांगेत एकोणिसाव्या आहात.
इथे टेबलापुढे सातच.

ऊन बूटवाल्याकडे सरकतं.
अकरावी. चौथी. परत सहावी, कशी कोण जाणे.
मग बासरी तुटते
आणि एक खराखुरा माणूस, घसा बसलेला:
'बाई, जरा मोठ्याने बोला,
आमच्या बाजूला आवाज नीट येत नाही.'

अवुओर हातातल्या टाचणीकडे बघते.
'किबुयेला घेऊन ये,' म्हणते,
'पन्नास शिलिंग.'