राखाडी सांधा

उदगीरला देगलूर रोडवर
मन्मथअप्पांचं दूध-दह्याचं दुकान.
मागच्या भिंतीला टाइल्स लावायच्या होत्या,
एक काळी, एक पांढरी.
"पण बुद्धिबळाच्या पटावानी नको,
तसलं समद्यांकडं हाय."
म्हणून बाबांनी एकाआड एक ओळ
अर्ध्या टाइलीनं सरकवली.

मी नववीत. उन्हाळ्याची सुट्टी.
दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बाबांकडे.
निळीत बुडवलेली दोरी चिमटीनं ओढून सोडली
की भिंतीवर सट्‌दिशी निळा वळ उठायचा.
दोन टाइलींमध्ये काडेपेटीची काडी,
म्हणजे सांधा सगळीकडे एकच.

तिसऱ्या दिवशी सांधे भरले
साध्या सिमेंटनं, राखाडी.
ओल्या फडक्यानं भिंत पुसली.
अप्पा गल्ल्यावर बसून बघत राहिले,
चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.
"लिंबाजी, हे वाकडं दिसायलंय."

खरंच दिसत होतं.
एक ओळ डावीकडे निमुळती,
तिच्याखालची उजवीकडे,
पाचरींवर पाचरी ठोकून
भिंत उभी केल्यासारखी.

बाबांनी दोरी लावली. सरळ.
पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध.
दोरी काढली की ओळी पुन्हा कलायच्या,
मास्तरांनी फळ्याकडे तोंड केल्यावर
पोरं एकमेकांवर कलतात तशा.

अप्पांनी स्वतः टेप धरला.
या टोकाला आठ इंच, त्या टोकाला आठ इंच.
"माप बरोबर हाय," ते म्हणाले,
"पण गिऱ्हाईक टेप घेऊन येणारंय का?"
बाराशे रुपये गल्ल्यातच राहिले.

बाबांनी एक डोळा झाकून पाहिलं,
मग दुसरा.
मग मला विचारलं, "तुला?"
मी म्हटलं, वाकडंच.
तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का,
ते माझं अजून ठरत नाही.

रात्री ताटावरून उठताना
त्यांनी ओळंबा खुंटीवरून काढला
आणि नुसताच धरून उभे राहिले,
तो हलायचा थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते अप्पांशी बाहेर बोलत होते.
मी दुधाच्या भट्टीतला विझका कोळसा घेतला
आणि एक सांधा रेघत निघाले,
ओळ नेमकी कुठे वाकते ते सापडावं म्हणून.
सापडलं नाही.
कोळसा गेला तिथवर ओळ सरळ होत गेली.
थांबले तिथून पुढे
पुन्हा तिचं घसरणं सुरू.

"बाबा!"

ते आले. बघितलं.
माझ्या हातातला कोळसा घेऊन
पुढची वीतभर त्यांनी रेघली.
मग काही न बोलता सायकल काढली
आणि बाजारातून काळ्या रंगाची पुडी आणली.
दुपारपर्यंत सगळे सांधे काळे.
एकही टाइल जागची हलली नव्हती.
"आता कसं सरळ केलास!" अप्पा म्हणाले,
आणि पैसे मोजले, वर दोन वाट्या दही.
पुढे कैक वर्षं ते लोकांना सांगायचे,
लिंबाजीनं माझी वाकडी भिंत सरळ केली.
बाबांनी कधी दुरुस्ती केली नाही.

फ्रीजरमागे मात्र हात पोचला नव्हता.
मागच्या दिवाळीत अप्पांच्या मुलानं फ्रीजर हलवला,
तर तिथे हात-दोन हात भिंत
अजून राखाडी सांध्यांची.
आता मला सगळं माहीत आहे,
कशामुळे होतं, कशानं जातं.
तरी ती कलतेच.
डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवते, सुतासारखं जातं.
डोळे उघडते,
बोट सरळ चाललेलं असतं आणि रेघ
भलतीकडे.

बाबांना घेऊन गेले होते एकदा.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
त्यांना काळं-पांढरंही वेगळं दिसत नाही.
ताकाचा ग्लास दोन्ही हातांत धरून
त्यांनी विचारलं,
"अजून वाकडं दिसायलंय का गं?"
"हो."
"लई?"
"लई."
"मंग नीट बसल्यात," म्हणाले,
आणि ताकात मीठ कमी आहे म्हणून
पोऱ्याला हाक मारली.