नळ कुणी चालू ठेवलाय

सकाळी नऊला बायाक्का येते.
चपला दाराबाहेर, पदर कमरेला,
आणि खोलीत पाऊल टाकताच
"नळ कुनी चालू ठेवलाय गं? पानी वाया चाललंय."

नळ नव्हे, समुद्र आहे तो.
नणंदेनं पुण्याहून पाठवलेला,
बाळंतिणींसाठी खास, तीन तासांचा.
मधूनमधून बासरी, मधूनमधून एक पक्षी
जो गंगावेशीत आजवर कुणी ऐकलेला नाही.

"असू दे," म्हणते, "तुला बरं वाटतंय न्हवं?"
आणि तेलाची वाटी शेगडीवर ठेवते.

तिचे हात तालमीतून आलेत.
नवरा पैलवानांची अंगं रगडायचा,
पहाटे तीनला जायचा, उन्हं चढल्यावर यायचा,
मग त्याचे खांदे ही चोळायची.
तशी शिकली, म्हणते,
कुठली शीर कुठं जाऊन रुसते.

टाचेपासून सुरू करते.
पोटरी, गुडघ्यामागची खोबण, मांडी.
टाक्यांपाशी तिचा हात
उंबऱ्यावर निजलेल्या मांजराला ओलांडावं
तसा ओलांडून जातो.
समुद्र चालूच. लाट हाताच्या आधी येते,
हात लाट फुटून गेल्यावर.
दोघांचं जमत नाही. कुणी तक्रारही करत नाही.

सोमवारी लाइट गेली.
समुद्र मध्येच आटला, पक्षी अर्धा राहिला.
आणि ऐकू आलं,
बायाक्काच्या घशातून काहीतरी येत होतं.
गाणं नव्हे. शब्द नव्हते त्याला.
कट्ट्यावर धार काढताना
गवळी म्हशीशी बोलतो ना, तोंड न उघडता,
तसला हुंकार.
हाताचा दाब वाढला की खाली उतरणारा,
हात सुटला की वर.
म्हणजे हे रोजचंच होतं.
रोज समुद्राच्या बुडाशी पडून होतं.

दोन वर्षांपूर्वी,
सातव्या महिन्यात दवाखान्यातून रिकामी आले
तेव्हाही ही आली होती. कुणी बोलावलं नव्हतं.
सासूबाई दारातच म्हणाल्या, अहो, आता कशाला?
"बाळंत झाली न्हवं? अंगाला काय ठावं
पाळना हलतोय का न्हाई."
दूध आलं होतं, ते तिनं हातानं उतरवलं.
अकरा दिवस तेल, शेक, ओव्याची धुरी,
पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा.
आता मी आठवून आठवून बघते,
तेव्हा हा हुंकार नव्हता.
बांगड्यासुद्धा तिनं कोपरापर्यंत चढवल्या होत्या,
वाजू नयेत म्हणून.

"बायाक्का, तेव्हा गप्प का होतीस?"

हात थांबले नाहीत.
"तुझाच आवाज हुता की घरात.
त्यात दुसरा कशाला घालू?"

मी पालथीच होते, बरं झालं.
उशीला खोबरेलाचा वास येत होता,
आणि पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये,
जिथं माझाच हात कधी पोचत नाही,
तिथं ती बराच वेळ अंगठे टेकून राहिली.

मग पोराला घेतलं, पाय लांब करून
पोटऱ्यांच्या खाचेत पालथं घातलं.
त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ठेका धरला.
ओळखीचा वाटला. कुठं ऐकलाय?
मैदानात जोड आखाड्यात उतरते
तेव्हा कडाडते ती हलगी!
तीच, फक्त तापवलेली नव्हे,
तेलात भिजवलेली, निम्म्या चालीची.
पोरानं एक उचकी दिली,
मूठ उघडली,
आणि गाल तिच्या नडगीवर ठेवून दिला
हरलेल्या गड्यासारखा, पण खुशीत.

तेवढ्यात लाइट आली.
समुद्र सोडला होता तिथूनच सुरू.

"आला बघ तुझा नळ,"
बायाक्का म्हणाली,
मग स्वतःच्या ओल्या लुगड्याकडं बघून
"आनि ह्योबी."