बहुधा डाव्या हाताचं

इसिदोरो बेंगोएचेआने ते
येर्बाच्या रिकाम्या डब्यातून आणलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
जशी इथे शेजारणीला उसनी अंडी परत करतात.

सालादो नदी यंदा इतकी आटली
की जुन्या पुलाचे पाय गुडघ्यांच्या वर उघडे पडलेत.
तो तारारिरा पकडायला गेला होता.
गळ अडकला, त्याने ओढला,
तर काठाच्या पिवळ्या मातीतून
हे वाकून बाहेर बघत होतं.

मी या म्युझियमची राखणदार, झाडूवाली,
आणि सोमवार सोडून रोजची तज्ज्ञ.
म्युझियम म्हणजे बंद स्टेशनातल्या दोन खोल्या.
तिकीटखिडकीत ग्लिप्टोडॉनच्या पाठीचा तुकडा;
त्याला अजून कोणी कोणी
ब्यूनोस आयरेसची गाडी विचारतं.

"शिंग," बेकरीवाली ओतिलिया म्हणाली.
"रानडुकराचा सुळा," तिचा नवरा.
इसिदोरोचा नातू लाउतारो, वय नऊ,
त्याला विचारायची गरजच नव्हती:
तलवारीसारख्या सुळ्यांचा वाघ,
एका फटक्यात घोडा उभा फाडणारा.

मी जिभेचं टोक लावलं. चिकटलं.
हाड आहे, दगड व्हायला निघालेलं.
दात असता तर वर झिलई असती,
शिंग असतं तर मागे सांधा नसता.
इथे तर बिजागरीसारखी खोबण, मधे उभा कंगोरा:
मिटायचं, उघडायचं,
आडवं हलायचं नाही.
लांबी सतरा सेंटिमीटर,
आणि हे नुसतं आतलं हाड.
वरचं खरं नख, तुमच्या-माझ्यासारखंच वाढणारं,
केव्हाच कुजून गेलं.
त्याने ज्याला मिठी मारली होती
तेवढं माझ्या हातात.

शितावरून भाताची परीक्षा, खरंय.
पण शीत एकच,
आणि पुस्तकात चार चित्रं,
चारही थोडी थोडी जुळणारी.

तेव्हा इसिदोरोने डबा बाजूला सारला.
एकतीस वर्षं कत्तलखान्यात सुरी चालवलेला माणूस,
उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं तिथेच ठेवून आलेला.
त्याचा अंगठा नखाच्या पोटाखाली चाचपत गेला,
एका खडबडीत उंचवट्याशी थांबला.
"इथे दोर होता."
"कसला दोर?"
"पांढरा. सुरीची धार खातो तो.
बैलाच्या पायात एवढा," त्याने करंगळी दाखवली.
"याच्यात मनगटाएवढा असणार."
मग बराच वेळ गप्प. मग,
"फाडायला एवढा दोर कशाला?
फाडायला धार पुरते.
दोर लागतो ओढून धरायला."

मी पान उलटलं.
महाकाय स्लॉथ. हत्तीएवढा,
मागच्या पायांवर उभा राहून
फांद्या तोंडाशी वाकवणारा.
चालायचा तो नखं आत दुमडून, पंजाच्या कडेवर,
नवी चप्पल चिखलातून नेणाऱ्यासारखा.

"पाला खायचा?" लाउतारो.
"पाला."
"नुसता?"
त्याने आजोबांकडे असं पाहिलं,
जणू वाघाच्या गळ्याला
त्यांनीच नख लावलं.

परत देण्याआधी इसिदोरोने ते
अर्ध्या बोटाच्या टोकाला टेकवून पाहिलं.
कोणी हसलं नाही. तोही नाही.
"डाव्या हाताचं की उजव्या?"
मी बाक पाहिला, पुन्हा पाहिला,
चित्र आरशात धरलं.
कार्डावर लिहिलं:
जमिनीवरचा स्लॉथ, पुढचा पंजा, बहुधा डावा.
सापडलं कुठे: पुलाखाली, एरवी जिथे पाणी असतं.
"बहुधा" खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

कुलूप लावताना दिसलं,
प्लॅटफॉर्मवरच्या विलोखाली पोरगं
टाचा उंचावून उभं,
एकच बोट आकड्यासारखं वाकवून
फांदी खाली ओढतंय,
पान जिभेवर ठेवतंय
आणि तोंड वाकडं करत
चावतंय.