लेखापरीक्षकांच्या शेऱ्यास उत्तर

माननीय साहेब,
आपला शेरा पोचला. मुद्दा चौथा:
‘हंगामाच्या सणाची वही, पान अकरा.
तांबडा भोपळा, नग एक.
विक्री पाच वेळा. खुलासा करावा.’

भोपळा एकच होता.
पाटीत मावेना, म्हणून दोर्कासबाई समुद्रेंनी
लेकरासारखा कडेवर घेऊन आणला, आष्ट्याच्या वेशीपासून चालत.
त्यांना जमीन नाही. दुसऱ्याच्या हळदीत खुरपायला जातात.
वेल छपरावर चढलेला,
छपराखालची जागासुद्धा गावठाणाची,
पण फळ धरलं ते त्यांच्या दारात.
म्हणून प्रथमफळ त्यांचंच.
पाळकसाहेबांनी हे मान्य केलं आहे, आपणही करावं.

वेदीपुढं उसाच्या मोळ्या, शाळूची कणसं,
हळकुंडं, गुळाची ढेप
आणि पाय बांधलेली एक कोंबडी.
ती उपदेशभर बोलत होती.

उपासनेनंतर लिंबाखाली लिलाव.
पुकारायला यहेज्केल वायदंडे,
एस.टी.तून निवृत्त कंडक्टर,
आवाज अजून तसाच, मागच्याला पुढं सरकवणारा.

पहिली बोली एकशेवीस. मंडपवाले सिकंदर मुलाणी.
पैसे मोजले, भोपळ्यावर हात ठेवला,
म्हणाले, “आमच्याकडनं परत ठेवा.”
ही इथली रीत आहे.
नियमावलीत सापडणार नाही, मी शोधली आहे.

दुसरी दोनशे. पोस्टातल्या बाई. त्यांनीही परत ठेवला.

तिसऱ्या बोलीला वेळ लागला, त्याचं कारण लिहितो.
अहरोन आणि शीलास घोलप, सख्खे भाऊ.
मधल्या भिंतीवरून चार वर्षं बोलणं बंद.
महापुरात ती भिंत पडली तरी बोलले नाहीत,
दोघांनी मिळून, न बोलता, परत बांधली.
त्या दिवशी अहरोन म्हणाला, “तीनशे.”
शीलास जमिनीकडं बघत, “साडेतीनशे.”
“चारशे.”
“पाचशे.”
कोंबडीसुद्धा गप्प झाली होती.
यहेज्केलांनी ‘एक वार’ म्हणायचं मुद्दाम लांबवलं,
चष्मा पुसला, पाणी मागितलं.
“सहाशे दहा.”
शीलास म्हणाला, “घे, दादा.”
रक्कम जमेत आहे.
‘दादा’ कुठल्या खात्यात धरावं, ते कळवावं.

चौथ्या बोलीपुढं नाव नाही, ही माझी चूक नव्हे.
वर्षात ज्यांच्या घरचं माणूस गेलं
ते त्या दिवशी नाव सांगत नाहीत.
आम्हाला माहीत असतं. आम्ही लिहीत नाही.

पाचव्यांदा तरुण संघानं वर्गणी काढून घेतला
आणि लगेच विळीवर दिला,
नाहीतर संध्याकाळ झाली असती.
फोडी दोर्कासबाईंनीच केल्या.
मी वही घेऊन गेलो, म्हटलं,
“बाई, तुमच्या भोपळ्याचे किती झाले, ऐकलं का?”
म्हणाल्या, “मीठ बघा जरा.”

बाजारात त्याचे चाळीस आले नसते.
आपला मुद्दा बरोबर आहे.

मुद्दा पाचवा: जमेत सात रुपये कमी.
एक गावठी अंडं होतं. ओबेद आवळे, इयत्ता दुसरी,
हात वर करून ‘सात’ म्हणाला.
खिशात काही नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.
आठ कुणी म्हणालं नाही.
अंडं त्यानं दोन्ही हातांत धरून घरी नेलं.
मागच्या रविवारी वहीतलं आपलं नाव बघायला आला होता,
बोट ठेवून वाचलं:
ओबेद आवळे, येणे बाकी, सात.
पुन्हा वाचलं. मग ताठ चालत गेला.
ही बाकी माफ करू नये, ही विनंती.
वसूलही करू नये.

सोबत: पावत्या सव्वीस,
पानाची नक्कल,
आणि पुडीत बिया.
पावसाच्या तोंडावर लावाव्यात.
जमीन लागत नाही.

आपला,
मनश्शे लोंढे
खजिनदार, आष्टा